हळद, शिसें आणि मुलांचा मेंदू

‘हळद मेंदूचें रक्षण करिते, मुलांस रोज द्या’, असा उपदेश हल्लीं पुष्कळ ठिकाणीं ऐकूं येतो. आम्ही हळदीचे वैरी नाहीं. परंतु ज्या विषापासून मेंदू राखावयाचा, तेंच विष केव्हां केव्हां हळदींत मिसळलेलें असतें, हें पालकांनीं विसरूं नये.

तें विष म्हणजे शिसें. निस्तेज हळकुंडांस झळाळी यावी म्हणून कांहीं व्यापारी लेड क्रोमेट हें शिशाचें पिवळें रंगद्रव्य त्यांवर चढवितात. बांगलादेशांत गरोदर स्त्रियांच्या रक्तांतील शिशाचा माग संशोधकांनीं काढला, तो हळदीपर्यंत पोहोंचला. २०१९ सालीं तेथील बाजारांतल्या शेंकडा ४७ नमुन्यांत शिसें होतें. सरकारनें तपासणी व दंड सुरू केल्यावर २०२१ सालीं एकाही नमुन्यांत तें सांपडलें नाहीं. कोणत्या काढ्यानें एवढें काम केलें असतें? आपणही निश्चिंत राहण्याचें कारण नाहीं. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत पाटण्याच्या कांहीं नमुन्यांतही शिसें फार आढळलें.

शिसें शरीरांत कॅल्शियमचें सोंग घेऊन वावरतें आणि मेंदूच्या कामांत बिघाड करितें. वाढत्या मेंदूस त्याची इजा अधिक. बुद्धि मंदावते, लक्ष ठरत नाहीं, आणि झालेली हानि बहुधा भरून येत नाहीं. (वर्गांत एखाद्यास ‘ढ’ म्हणून हिणविणाऱ्यांनीं येथें क्षणभर थांबावें.)

हळदींतील कर्क्युमिन या द्रव्यानें शिसें दिलेल्या उंदरांच्या मेंदूची हानि कमी झाली, असे प्रयोग आहेत खरे. परंतु उंदीर म्हणजे मूल नव्हे. शिवाय खाल्लेलें कर्क्युमिन रक्तांत फारच थोडें उतरतें.

वनस्पतींचा खरा उपयोग आम्हांस निराळा वाटतो. ज्या मुलास लोह व कॅल्शियम कमी मिळतें, आणि ज्याचें पोट रिकामें असतें, त्याच्या शरीरांत शिसें अधिक शोषलें जातें. म्हणून नाचणीची भाकरी, शेवग्याचा पाला, लिंबू पिळलेली उसळ व शाळेपूर्वीं न्याहारी यांस आम्ही कोणत्याही चूर्णाहून अधिक मान देतों. अर्थात् यांनीं शिरलेलें शिसें बाहेर निघत नाहीं. शंका आल्यास रक्ततपासणी करून डॉक्टरांचाच सल्ला घ्यावा.

राहिला प्रश्न बाजाराचा. गिऱ्हाईक झगझगीत पिवळें मागतें, म्हणून रंग चढविला जातो. आम्ही तर मळकट दिसणारें हळकुंडच पत्करूं, आणि घरीं कुटून घेऊं.