आम्लवर्षा : पानाची साक्ष आणि मुळाची

आम्लवर्षेने पिकांची हानी होते ही ओरड निराधार आहे, असे प्रतिपादणाऱ्या पक्षापाशी पुरावा मुळीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. अमेरिकेने १९८० पासून दहा वर्षे सरकारी खर्चाने जे विस्तृत अन्वेषण केले, त्यात तेथील पावसाच्या आम्लतेपायी पिकांच्या उत्पन्नात म्हणण्यासारखी घट आढळली नाही. आणि युरोपात धुराड्यांवर निर्बंध आल्यानंतर पावसातून मिळणारे गंधक आटले आणि मोहरीवर्गीय पिकांना ते खतातून पुरवावे लागले, हेही सत्य आहे.

परंतु हे दाखले जेथले, तेथला शेतकरी आम्लता मारण्यासाठी जमिनीत चुना घालत असतो, याचा या पक्षाला विसर पडतो. दुसरा प्रमाद याहून मोठा : साक्ष घेतली जाते ती केवळ पानाची. निर्मळ पावसाचा सामू सुमारे ५.६ असतो आणि तो एका अंकाने उतरला की आम्लता दसपट होते. पानावर डोळ्यांना दिसणारे डाग पडण्यास तो बहुधा ३.५ च्याही खाली जावा लागतो, म्हणून ४.५ च्या पावसात भिजलेले पीक हिरवेगार दिसते आणि पंचनाम्यात नुकसान निरंक लागते. त्याच वेळी त्या पावसातील आम्ल पानातून पोटॅश, कॅल्शियम आणि हरितद्रव्याच्या रेणूचे केंद्र असलेले मॅग्नेशियम धुऊन नेत असते. खरा घात मात्र जमिनीत होतो. मातीचा सामू ५ च्या खाली गेला की तिच्यातील ॲल्युमिनियम विरघळून मुळाच्या अग्राची वाढ खुंटविते, स्फुरद जखडून ठेवते, कडधान्यांच्या मुळांवर गाठी नीट धरत नाहीत. आणि पीक उपाशी दिसते म्हणून शेतकरी जे अमोनियायुक्त खत टाकतो, ते आम्लतेत भरच घालते.

देशावरची काळी जमीन चुनखडीच्या बळावर पुष्कळ आम्ल पचविते. कोकणातला जांभा, मुसळधार पावसाने युगानुयुगे निचरून आधीच आम्ल झालेला, ते पचवू शकत नाही. हवेतील धूळ आम्ल शमविते हा युक्तिवादही ऐन पावसाळ्यात, धूळ खाली बसल्यावर, लंगडा पडतो. असे असता केंद्र सरकारने कोळशावरील वीजकेंद्रांच्या, पाऊस आम्ल करणाऱ्या गंधकी धुराला २०१५ साली मर्यादा घातली, मुदतीमागून मुदत वाढविली आणि २०२५ साली बहुतेकांना गंधकशोषक यंत्रणा बसविण्यातून सूटच दिली. हे अशक्य काम नव्हते. डहाणूत चिकूच्या बागांसाठी लोक सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडले, त्या न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या प्राधिकरणाने १९९९ साली तेथील वीजकेंद्राला गंधकशोषक यंत्रणा बसविण्याचा हुकूम केला, आणि २००७ मध्ये त्याची तामिली झाली. कोकणातील बागायतदारांनी या सवलतीला हरकत घेताना पानांच्या छायाचित्रांवर विसंबू नये. आपल्या मातीच्या सामूचे दरसालचे दाखले अर्जास जोडावेत.