न्हाणीतले तीन राखणदार

मराठी घरात बंब, कानडी घरात हंडे. मराठीत न्हाणी, कानडीत बच्चलमनी. आमच्यासारख्या दुभाषी घरांत हे चारही शब्द एकाच दिवशी कानावर पडायचे. आता बंब आणि हंडे या दोघांच्या जागी एकच शब्द आला आहे, गीझर, आणि तो दोन्ही भाषांत सारखाच. भांडण मिटले म्हणायचे! पण वस्तू बदलली तशी एक सवयही गेली. तापत असलेल्या पाण्यावर लक्ष ठेवण्याची सवय.

बंब आठवून पाहा. तांब्याचे गोल भांडे, मधोमध उभे नळकांडे, खाली जाळी. नळकांड्यात वरून शेणी, करवंट्या, लाकडाच्या ढलप्या टाकायच्या. त्याला ना काटा ना दिवा. किती जाळ घालायचा हे घरातली बाई ठरवायची. आंघोळीला माणसे किती, पाऊस आहे की थंडी, यावर तिचा हिशेब. नियम मात्र एक होता : आधी पाणी, मग जाळ. रिकामा बंब पेटवला तर सांध्याचा डाग सुटायचा आणि भांडे कामातून जायचे. बंबाचे झाकण नुसते वर ठेवलेले असल्यामुळे वाफ आपल्या वाटेने निघून जाई. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. इथे पाणी ९७-९८ अंशांवरच उकळते. बंबातले पाणी त्यापुढे तापूच शकत नसे.

गीझरचे तसे नाही. ते बंद भांडे आहे. त्यामुळे बाईच्या नजरेचे काम त्यात तीन राखणदारांकडे दिलेले असते. घरातला गीझर दहा-पंधरा वर्षांचा असेल, तर हे तिघे जागे आहेत की नाहीत हे पाहायलाच हवे.

पहिला राखणदार थर्मोस्टॅट. जुन्या गीझरमध्ये तो बहुधा लांब कांडीसारखा असतो. बाहेर पितळेची नळी, आत इन्वार नावाच्या मिश्रधातूची सळई. पितळ तापले की लांबते, इन्वार जवळजवळ लांबतच नाही. या फरकाने आतला संपर्क ओढला जातो आणि वीज तुटते. इन्वारचा शोध शार्ल गियोम यांनी १८९६ मध्ये लावला आणि १९२० चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. आपल्या न्हाणीत नोबेलवाल्या संशोधनाची कांडी बसली आहे, हे मी वर्गात सांगितले की मराठीच्या तासालाही पोरे कान टवकारतात.

हा राखणदार जागा आहे का, हे घरबसल्या कळते. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे सव्वा युनिट वीज लागते. दोन किलोवॅटच्या गीझरला त्यासाठी साधारण ३५ मिनिटे पुरतात. नळ न उघडता तासभर झाला तरी लाल दिवा विझत नसेल, तर काहीतरी बिघडले आहे. मात्र खेड्यातल्या मंडळींनी आधी व्होल्टेज पाहावे. २३० च्या जागी २०० व्होल्ट येत असतील तर गीझरची ताकद जवळजवळ पाव हिश्शाने कमी होते आणि वेळ त्या मानाने वाढतो. दिवा वेळेवर विझला तरी एकदा बादलीत कढत पाणी घेऊन प्रयोगशाळेतला थर्मामीटर बुडवावा. तापाचा नको, तो ४२ अंशांपुढे जातच नाही. काटा ६० वर आणि पाणी ७५ असेल तर मेकॅनिकला बोलवायचे.

६० आणि ७५ मधला फरक कागदावर लहान दिसतो. ६० अंशांच्या पाण्याने मोठ्या माणसाची कातडी पाचेक सेकंदांत भाजते. ७० अंशांना एक सेकंद पुरतो. लहान मुलांची आणि म्हाताऱ्या माणसांची कातडी आणखी पातळ. आमच्या मातोश्री अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत; पाणी कढत आहे हे त्यांच्या हाताला उशिरा कळते. म्हणून आमच्या न्हाणीत त्यांचाच जुना नियम चालतो : बादलीत आधी गार, मग कढत, आणि मग कोपर बुडवून पाहायचे. काही घरांत यावर उपाय म्हणून काटा ४० वर आणून ठेवतात. तेही बरे नाही. कोमट साठवलेल्या पाण्यात लेजिओनेला नावाचे जंतू वाढतात आणि त्यांच्यामुळे एक प्रकारचा न्यूमोनिया होतो. साठवण ६० च्या आसपास, विसावण बादलीत, हे उत्तम.

दुसरा राखणदार कटआउट. थर्मोस्टॅट चिकटून बसला आणि पाणी तापतच राहिले, तर हा ठरावीक तापमानाला वीज तोडतो. तो पुन्हा हाताने दाबून चालू करावा लागतो. इथेच घोटाळा होतो. गीझर बंद पडला, मेकॅनिक आला, बटण दाबले, पैसे घेतले, गेला. कटआउट का पडला, हे कोणी विचारतच नाही. तो पडला म्हणजे त्याने आरडाओरडा केला. लगेच थर्मोस्टॅट तपासून घ्या. आणि कटआउटला वगळून तारा थेट जोडू देऊ नका, कितीही घाई असली तरी.

तिसरा राखणदार सेफ्टी व्हॉल्व्ह. पाणी २० वरून ६० अंशांवर गेले की दीड टक्क्याने फुगते. २५ लिटरच्या टाकीत हे झाले तीन-साडेतीन कप पाणी. त्याला मागे जायला वाट नसेल, तर ते या व्हॉल्व्हमधून थेंब थेंब बाहेर पडते. हे थेंब म्हणजे बिघाड नव्हे. आमच्या गल्लीतल्या एका भाड्याच्या घरात ‘सारखे ठिबकते’ म्हणून एका मिस्त्रीने तिथे बूच ठोकून दिले होते. शेजारच्या इलेक्ट्रिशियनच्या ते नजरेला पडले म्हणून बरे. पहिले दोन राखणदार झोपले आणि तिसऱ्याचे तोंड बांधलेले असले, तर बंद टाकीतले पाणी शंभराच्या पुढे तापते. मग टाकी फाटली की त्यातल्या काही पाण्याची क्षणात वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सोळाशेपट जागा लागते. भिंतीच काय, छपरही तिला आवरत नाही. व्हॉल्व्हला बूच नको. खाली तोंड केलेली नळी लावून ती मोरीत सोडावी. गीझर बंद असताना आणि पाणी गार असतानाही ठिबकतच असेल, तर व्हॉल्व्ह बदलावा.

शहरात राकसकोपचे किंवा हिडकलचे नळाचे पाणी येते तिथे ठीक, पण बोअरचे पाणी जड असेल तर टाकीत क्षार बसतात. कॉइलवर पांढरे कवच चढते, पाणी उशिरा तापते, आतून ‘खडखड’ असा आवाज येतो. टाकीत मॅग्नेशियमचा एक दांडा असतो. टाकीऐवजी तो स्वतः गंजतो. दर दोन-तीन वर्षांनी क्षार काढून घ्यावेत आणि दांडा पाहावा. टाकीच गळू लागली, तर मात्र डागडुजी नको, नवा गीझर. अर्थिंग आणि ३० मिलीअँपचा आरसीसीबी नसेल, तर जुना गीझर बंद करूनच आंघोळीला शिरावे.

या सगळ्याला मुहूर्त कोणता? तो आपल्याकडे आहेच. दिवाळीत नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी कानडी घरांत ‘नीरु तुंबुव हब्ब’ असतो. हंडा घासून लख्ख करायचा, हळदीकुंकू वाहायचे, पाणी भरायचे. मराठी घरांतही अभ्यंगाच्या आधी बंब चिंचेने घासला जाई. घासताना कुठे डाग सुटलाय, कुठे चीर गेली, हे आपोआप दिसे. पूजा आणि तपासणी एकाच हाताने होत असे. यंदाही घरात हंडा नसला तरी त्या दिवशी गीझरला कुंकवाचे बोट जरूर लावा. फक्त त्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलावून त्या तिघा राखणदारांची हजेरी घ्या.