वर्गाची टक्केवारी आणि विचारांचा इतिहास

विचारांचा इतिहास हा ज्याचा विषय आहे, त्या अभ्यासकाचे आयुष्य मुख्यतः दोन ठिकाणी जाते : परिषदेत आणि वर्गात. परिषदेत त्याच्यासमोर त्याच्याच व्यवसायातील माणसे बसलेली असतात. वर्गात, ज्यांच्या सुखदुःखांपोटी ते विचार एके काळी जन्मले, त्यांचे वारस बसलेले असतात. यांपैकी कोणत्या ठिकाणाला किती मोल द्यायचे, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने आकड्यांतच सांगून ठेवले. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत परदेशातील आंतरराष्ट्रीय परिषदेत निबंध वाचल्यास ७ गुण, देशातील आंतरराष्ट्रीय परिषदेस ५, राष्ट्रीय परिषदेस ३ आणि राज्य वा विद्यापीठ पातळीवरील परिषदेस २, अशी प्रतवारी लावण्यात आली. आणि अध्यापनाचे मोजमाप? नेमून दिलेल्या तासांपैकी ८० टक्के वा अधिक तास घेतले तर ‘चांगले’, ७० ते ८० टक्के घेतले तर ‘समाधानकारक’. त्या तासांत काय घडले, हा प्रश्न त्या मोजमापात उद्भवतच नाही.

यामागे एक गृहीतकृत्य आहे आणि ते तपासून पाहिले पाहिजे. ज्ञान परिषदेत निर्माण होते आणि वर्गात त्याचे केवळ वाटप होते, असे ते गृहीतकृत्य. निदान विचारांच्या इतिहासापुरते तरी ते खरे नाही. याची साक्ष समाजवाद्यांना परिचित असलेल्या एका इतिहासकाराच्या आयुष्यातच मिळते.

रिचर्ड हेन्री टॉनी यांचा जन्म १८८० साली कलकत्त्यास झाला. शिक्षण ऑक्सफर्डला. मोठ्या घरचा, मोठ्या विद्यापीठाचा हा तरुण जानेवारी १९०८ मध्ये वर्कर्स एज्युकेशनल असोसिएशनच्या वतीने दोन गावी शिकवू लागला. लाँगटन हे भांडी घडविणाऱ्या कामगारांचे गाव. दुसरे रॉचडेल, म्हणजे सहकारी चळवळीच्या इतिहासात १८४४ च्या ज्या दुकानापासून आपण सुरुवात करतो, ते विणकरांचे रॉचडेल. या वर्गांचा शिरस्ता कडक होता. वर्गात तीसएक माणसे. त्यांनी सलग तीन वर्षे येण्याचे वचन द्यायचे. वर्षाला चोवीस बैठका, प्रत्येक बैठक दोन तासांची. पहिला तास शिक्षकाचा, दुसरा विद्यार्थ्यांचा, म्हणजे प्रश्नांचा, हरकतींचा, वादाचा. शिवाय दर पंधरवड्यास निबंध. दिवसभर कारखान्यात उभा राहिलेला माणूस रात्री सोळाव्या शतकावर निबंध लिहीत बसतो, हे चित्र डोळ्यांपुढे आणावे. आणि त्या माणसाला परीक्षा नव्हती, पदवी नव्हती, बढती नव्हती, हेही ध्यानात घ्यावे.

१९१२ साली टॉनींचा सोळाव्या शतकातील शेतजमिनीच्या प्रश्नावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत या वर्गांतील विणकर, कुंभार आणि खाणकामगारांकडून आपल्याला मिळालेल्या चोख समाचाराचे ऋण त्यांनी मानले आहे. हा विनयाचा उपचार नव्हता. सामाईक कुरणांना कुंपणे घालून गरिबांना जमिनीवरून हुसकावले गेले, त्याची ती कथा. ती ऐकताना ‘मग त्या माणसांना हे न्याय्य कसे वाटले?’ असे विचारणारा श्रोता समोर असला, म्हणजे इतिहासकाराला भाडेपट्ट्यांच्या नोंदींवरून उठून माणसांच्या समजुतींकडे वळावेच लागते. टॉनी वळले. १९२२ मध्ये दिलेल्या व्याख्यानांतून १९२६ साली ‘रिलिजन अँड द राइज ऑफ कॅपिटॅलिझम’ हा ग्रंथ सिद्ध झाला. व्याजबट्टा हे एके काळी पाप होते. दोन-तीन शतकांत धनसंचय हाच सद्गुण कसा ठरला, याचा तो शोध आहे. बाजाराचा नियम हा निसर्गाचा नियम नव्हे, त्यालाही जन्मसाल आहे, ही गोष्ट कार्यकर्त्याला शंभर घोषणांपेक्षा अधिक बळ देते.

परिषदा निरुपयोगी आहेत असे मात्र मी म्हणत नाही. १९२६ मध्येच इकॉनॉमिक हिस्टरी सोसायटीच्या स्थापनेत टॉनी पुढे होते. लीड्स विद्यापीठाच्या बहिःशाल विभागात १९४८ पासून १९६५ पर्यंत प्रौढांचे वर्ग घेणाऱ्या ई. पी. टॉम्प्सन यांनी त्या वर्षांतच इंग्लिश कामगारवर्गाच्या घडणीचा आपला ग्रंथ लिहिला (१९६३). आणि हेच टॉम्प्सन डिसेंबर १९७६ मध्ये, आणीबाणी चालू असताना, कालिकतला भारतीय इतिहास परिषदेपुढे लोकसाहित्य, मानववंशशास्त्र आणि सामाजिक इतिहास या विषयावर बोलले. ज्याच्यामागे सतरा वर्षांचा वर्ग उभा आहे तो परिषदेत बोलला, तर ते ऐकण्यासारखे असते. ही परिषदही १९३५ साली पुण्यातच जन्मली, याचा महाराष्ट्राला रास्त अभिमान आहे.

पण गुणांच्या कोष्टकाने परिषदेचे काय केले? एका दिवसाचे चर्चासत्र. सकाळी दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, मान्यवरांचे मनोगत. जेवणानंतर चार समांतर सत्रे, प्रत्येकास सात मिनिटे. शेवटी प्रमाणपत्रासाठी रांग. निबंधांचे पुस्तक आयएसबीएन क्रमांकासह आधीच छापून तयार. त्यात महात्मा फुले शाश्वत विकासाशी जोडलेले असतात, आगरकर जागतिकीकरणाशी. प्रश्नोत्तरांना वेळ उरलेला नसतो, आणि कोणाची तक्रारही नसते. नोंदणी शुल्क मात्र वक्त्यानेच भरलेले असते!

हे शुल्क ज्याला सर्वांत जड जाते, त्याच्याकडेच वर्गही आहे. मी तासिका तत्त्वावरील प्राध्यापकाविषयी बोलतो आहे. मंजूर पदे वर्षानुवर्षे रिकामी ठेवायची आणि त्यांवरचे काम तासागणिक मोबदल्यावर करून घ्यायचे, ही महाराष्ट्रातील महाविद्यालयांची आता रूढ रीत झाली आहे. तास झाला तर पैसे, सुट्टी लागली की काही नाही. सकाळी एका गावी, दुपारी एसटीने दुसऱ्या गावी, असा त्याचा दिवस जातो. कायम नेमणुकीच्या आशेने तो प्रमाणपत्रेही गोळा करतो, कारण मुलाखतीच्या दाराशी तीच विचारली जातात.

याच माणसाने बी.ए.च्या वर्गात ‘शेतकऱ्याचा असूड’ शिकवायचा असतो. १८८३ चे ते पुस्तक. समोर बसलेल्या मुलांपैकी कितीकांच्या घरी पीककर्ज थकलेले आहे, आईच्या नावावर बचत गटाच्या कर्जाचा हप्ता आहे. फुल्यांच्या लेखणीतील सावकार आणि भट-कामगार ऐकताना एखादी मुलगी विचारते, आज ती जागा कोणाची? या प्रश्नातून एक चांगला प्रबंध निघू शकतो. तो सात मिनिटांच्या समांतर सत्रातून निघणार नाही. परंतु तास संपलेला असतो, पुढची गाडी गाठायची असते आणि मुलांच्या हाती गाइड असते. आयोगाच्या कोष्टकाप्रमाणे हा तास ‘झाला’. टक्केवारीत त्याची नोंद झाली.

आचार्य जावडेकरांचा ‘आधुनिक भारत’ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला, तो कोणाच्या पदोन्नतीसाठी नव्हे. रानडे, टिळक, गांधी यांच्या विचारांची संगती लावल्यावाचून पुढचे राजकारण करता येणार नाही, या निकडीपोटी तो लिहिला गेला. ती निकड आज संपली आहे काय?

रिक्त पदे पूर्णवेळ आणि पूर्ण वेतनावर भरा, ही प्राध्यापक संघटनांची मागणी आपण आजवर त्यांच्या पोटाचा प्रश्न म्हणून पाठिंब्यापुरती उचलली. ती आपल्याही कामाची मागणी आहे, कारण दर सहा महिन्यांनी ज्याची नेमणूक संपते, तो तीन वर्षे चालणारा वाद कसा चालवील? आणि सरकार ऐकेपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. आपली शिबिरे दोन दिवसांत सर्व विचारप्रणाली उरकतात. त्यांना चर्चासत्राचीच कळा आली आहे. त्याऐवजी एका तालुक्यात तीसएक माणसे, एक शिक्षक, एकच पुस्तक आणि तीन वर्षांचे वचन, असे करून पाहावे. शिक्षकाला प्रवासखर्च आणि योग्य मानधन द्यावे. चळवळीसाठी फुकट बोलायला लावून आपणही त्याला तासिका तत्त्वावर राबवू नये. अंगणवाडी सेविका, एसटीचा वाहक, ऊसतोड मुकादमाशी रोज भांडणारा कार्यकर्ता यांना पंधरवड्यास दोन पाने लिहावयास सांगावे. पहिल्या वर्षी ‘असूड’ घ्यावा. तालुक्याच्या गावी महाविद्यालय आहे, सार्वजनिक वाचनालय आहे, आणि संध्याकाळी सातनंतर दोन्हींकडील खोल्या बहुधा रिकाम्याच असतात.