सातभाईंची साक्ष

उन्हाळ्यात एकदा परंड्याजवळच्या एका खेड्यात दोन सख्ख्या भावांचा तंटा मिटवण्यासाठी आम्हांस बोलावणे आले. वडिलांनी खोदलेली विहीर दोघांची सामाईक. थोरल्याने तिच्यापासून हाकेच्या अंतरावर खोल बोअर घेतली आणि काही दिवसांतच विहिरीचा झरा आटला. धाकट्याची गुरे पाण्यावाचून उभी राहिली. आम्ही थोरल्याला चार शब्द सांगू लागलो, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "फादर, ही जगरहाटी आहे. मोठा मासा लहान माशाला गिळतो. देवानेच तसे करून ठेवले आहे. मी काय करणार?"

त्या क्षणी आम्ही निरुत्तर झालो, हे प्रांजळपणे कबूल करतो. उत्तर परतीच्या वाटेवर सुचले. भावाचे पाणी तोडणे ही एक चूक. परंतु त्या चुकीचे समर्थन करण्यासाठी साऱ्या सृष्टीला साक्षीला बोलावणे ही त्याहून मोठी चूक होय. आणि साक्षीदाराला बोलावलेच आहे, तर त्याची उलटतपासणीही झाली पाहिजे.

मत्स्यन्याय हा शब्द आपल्याकडे जुनाच आहे. पुढे सुशिक्षितांनी त्याला विज्ञानाचा शिक्का मारला आणि डार्विन यांचे नाव पुढे केले. डार्विन यांचा जीवजातींच्या उत्पत्तीवरील ग्रंथ 1859 साली निघाला. 'जो लायक तो टिकतो' हे ज्याचे त्याच्या तोंडी असलेले वचन मात्र मुळात त्यांचे नव्हे. ते हर्बर्ट स्पेन्सर यांनी 1864 साली वापरले व डार्विन यांनी नंतर स्वीकारले. त्यातही 'लायक' म्हणजे दांडगा नव्हे. परिस्थितीशी ज्याचे जुळते तो. स्वतः डार्विन यांनी 1871 च्या ग्रंथात असा विचार मांडला, की ज्या टोळीत परस्परांच्या मदतीला धावणारी माणसे अधिक, ती टोळी इतर टोळ्यांवर मात करील. सायबेरियाच्या थंडीत प्राण्यांचे निरीक्षण केलेले रशियन विचारवंत क्रोपोत्किन यांनी तर 1902 साली परस्परसाहाय्यावर स्वतंत्र ग्रंथच प्रसिद्ध केला. 'बळी तो कान पिळी' हा धडा या दोघांच्या माथी मारता येत नाही.

पण ग्रंथ राहू द्या. परंड्याच्या भुईकोट किल्ल्याभोवतीच्या बाभळींत नजर टाका. तेथे सातभाई नावाचे मातकट रंगाचे, लांब शेपटीचे पक्षी थव्याने कलकलत असतात. नावात सात असले तरी थवा कधी लहान, कधी मोठा. ते जमिनीवर पालापाचोळा उलथून किडे शोधतात. घरटे एका जोडीचे असते. पण पिलांच्या चोचीत चारा घालण्यास थव्यातील इतरही येतात. त्यांत पुष्कळदा आधीच्या विणीतली थोरली भावंडे असतात. खाली सर्वजण चरत असताना एखादा उंच फांदीवर बसून पहारा देतो. शिक्रा दिसला की तो ओरडतो आणि थवा झुडपात शिरतो. पहाऱ्याच्या वेळात त्याला स्वतःला किडा टिपता येत नाही. रात्री हे सारे एकाच फांदीवर अंगाला अंग लावून झोपतात. थोरल्या भावांनी हेही देवाचेच करणे मानावे, अशी आमची विनंती आहे.

यावर कोणी म्हणेल, "अशा भोळ्यांना लोक लुटतात." अगदी खरे. पावसाच्या तोंडाशी 'पेर्ते व्हा' अशी हाक देणारा पावशा आणि कवींचा लाडका चातक हे दोघेही आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतात. ज्या हाकेकडे आमचा शेतकरी कान लावून बसतो, ती देणाऱ्या पक्ष्याला लहानपणी सातभाईंनी भरवलेले असते! फसवणूक होते, म्हणून सातभाईंनी एकमेकांची पिले भरवणे काही टाकले नाही.

मात्र आता आमचीही उलटतपासणी होऊ द्या. व्यासपीठावरून बोलताना आम्ही धर्मगुरूही सोयीचा प्राणी निवडतो. नीतिसूत्रांच्या ग्रंथात आळशाला मुंगीकडे पाठवले आहे, म्हणून आम्ही मुंगीचे गुण गातो. दुसऱ्या वारुळातील कोश पळवून त्यांतून निघणाऱ्या मुंग्यांना राबवणाऱ्याही मुंग्या आहेत, हे सांगत नाही. डिसेंबर 2021 मध्ये आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात, माजलगाव तालुक्यातील लवूळ येथे वानरे कुत्र्यांची पिले उचलून झाडांवर व छपरांवर नेत असल्याची बातमी आली. कुत्र्यांनी वानराचे पिल्लू मारले, त्याचा हा सूड, असे जगभर छापून आले. अडीचशे पिले मेली, हा आकडाही फिरला. त्याविषयी पुढे शंका घेतल्या गेल्या. वन विभागाने दोन वानरे पकडून नेली. सूडाची गोष्ट अभ्यासकांना पटली नाही. वानरांच्या टोळीत इतर माद्याही दुसरीचे पिल्लू उचलून घेऊन फिरतात, हे ठाऊक असलेल्यांना तर त्या वर्तनाची निराळीही उकल सुचू शकते. पण आपल्याला सूडच हवा होता, कारण तो आपल्या ओळखीचा. याच वानरांत टोळीवर नव्याने ताबा मिळवणारा नर आधीची पिले मारतो, हेही खरे आहे. सृष्टी ही ना गुंडांचा अड्डा, ना संतांचा मठ.

मग तिच्याकडून शिकायचे ते काय? कालाहारी वाळवंटात मिरकॅट नावाचे मुंगसाच्या कुळातील प्राणी आळीपाळीने पहारा देतात. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की पहाऱ्याला बहुधा तो चढतो ज्याचे पोट भरलेले असते. भुकेला खाली चरत राहतो. इस्रायलच्या वाळवंटात आपल्या सातभाईंच्या गोतातील पक्ष्यांचा अमोत्झ झहावी यांनी वर्षानुवर्षे अभ्यास केला. त्यांना तर पहाऱ्याची फांदी मिळवण्यासाठी चढाओढ दिसली. वरचढ पक्षी खालच्याला उठवून स्वतः पहाऱ्याला बसतो. त्यांच्या मते थव्यातील मान तेथे मिळतो.

यात हौतात्म्य नाही, हे आम्हांस मान्य आहे. पण ज्याचे पोट भरले त्याने आधी वर चढावे, हा नियम आमच्या गावांना पुरेसा आहे. मानपानासाठी आम्ही काय थोडे भांडतो? मांडवातल्या पहिल्या खुर्चीसाठी भांडणारी माणसे ओझ्याचा पहिला वाटा उचलण्यासाठी कधी भांडणार?

हा नियम आमच्या वाडवडिलांना परका नव्हता. आज तुझ्या रानात सर्वांनी राबायचे, उद्या माझ्या, ही सावड. ज्याचे औत अडले त्याचे रान गावाने आपापली औते नेऊन नांगरून द्यायचे आणि त्याने सर्वांना जेवू घालायचे, ही इर्जिक. त्यांना ना डार्विन ठाऊक होते, ना मिरकॅट. एकट्याने या कोरडवाहू मुलखात निभाव लागत नाही, एवढे मात्र ठाऊक होते. आज प्रत्येकाची बोअर स्वतंत्र आहे. जमिनीखालचे पाणी मात्र अजून सामाईकच आहे. ते बांध ओळखत नाही.

 माशाकडे दुसरा मार्ग नाही, म्हणून त्याला दोषही नाही. तुम्हांला तो मार्ग आहे. बोअरपासून धाकट्याच्या हौदापर्यंत फार तर दोनशे फूट नळी लागेल.

हा अंक आम्ही थोरल्या भावांच्या घरी स्वतः नेऊन देणार आहोत.