निर्णय होईपर्यंतच्या दिवसांची हजेरी कोण मांडणार?



आमच्या शाखेतले एक कीमन सहकारी गेल्या वर्षी गालाच्या कॅन्सरसाठी मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात दाखल झाले. गालातून रक्त थांबत नव्हते म्हणून त्यांना ठेवून घेतले, नाहीतर बाहेर धर्मशाळेत राहूनच तपासण्या झाल्या असत्या. दाखल झाल्यापासून उपचार कोणता करायचा हे ठरेपर्यंत १९ दिवस गेले. ते दिवस आम्ही शाखेचे पाच जण पाळीपाळीने त्यांच्यापाशी बसून होतो. ऑपरेशन झाले की माणसे भेटायला येतात, फळे आणतात. त्याआधी कोणी फिरकत नाही, कारण काय बोलायचे ते कोणाला सुचत नाही. आमचे म्हणणे त्या आधीच्या दिवसांबद्दल आहे.

वॉर्डात पहाटे साडेचारला फिनेलचा वास येतो आणि पलंगाखाली चटईवर झोपलेले नातेवाईक उठून चटया गुंडाळतात. पाचला नर्सबाई ताप पाहून जातात. साडेपाचला कोणीतरी खालच्या टपरीवरून थर्मासमध्ये चहा आणतो आणि तो चार पलंगांत वाटला जातो. शेजारच्या पलंगावर गोरखपूरकडचे एक शेतकरी होते, पलीकडे मालदाचा एक तरुण. कोणाची भाषा कोणाला धड येत नव्हती, पण लसणाची चटणी तिन्ही पलंगांवर फिरत असे. आमच्या सहकाऱ्यांना तोंड पुरते उघडता येत नव्हते. ते फक्त पातळ खिचडी खात आणि चटणीचा डबा पुढे सरकवत.

नऊला डॉक्टरांचा राऊंड. वहिनी सकाळपासून प्रश्न पाठ करून उभ्या असत. राऊंड पलंगापाशी दीड मिनिट थांबे, फाईल उघडली जाई, "रिपोर्ट यायचे आहेत" एवढे ऐकू येई आणि सगळे पुढच्या पलंगाकडे वळत. वहिनींचा प्रश्न तोंडातच राही. त्यानंतर रात्रीपर्यंत मोकळा दिवस. बावीस वर्षे पाना-हातोडा घेऊन रोज रुळावर चाललेल्या माणसाला मोकळा दिवस म्हणजे शिक्षाच. ते कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला सांगितले की या टोकापासून त्या टोकापर्यंत ६४ फरशा आहेत आणि त्यातल्या तीन सुटल्या आहेत. वॉर्डबॉयला त्यांनी तशी खबरही दिली होती!

आता आमची चूक सांगतो. सातव्या दिवशी आमचा संयम सुटला. शिष्टमंडळ घेऊन जायचे, आवाज चढवायचा, "उपचार ताबडतोब सुरू करा" म्हणायचे, ही आमची सवय. गेलो. एका तरुण निवासी डॉक्टरांनी आम्हाला बाकावर बसवले. रात्रपाळी करून त्यांचे डोळे लाल झाले होते. त्यांनी सांगितले ते असे. गावाकडे काढलेल्या तुकड्याची तपासणी इथे पुन्हा करावी लागते, त्यासाठी मेणात बसवलेला तो मूळ ठोकळा हवा, आणि तो अजून आलेलाच नाही. गाठ जबड्याच्या हाडात शिरली आहे की नुसती हाडाला टेकली आहे, हे सी.टी. स्कॅनवरून पाहायचे. स्कॅनसाठी शिरेतून जे औषध देतात ते मूत्रपिंड सोसतील का, यासाठी आधी रक्त तपासायचे. पुढे किरणोपचार लागले तर किडलेले दात आधीच काढावे लागतात, म्हणून दातांचे डॉक्टर. हे सगळे हातात आले की शस्त्रक्रियेचे, किरणोपचाराचे आणि औषधोपचाराचे डॉक्टर एकत्र बसतात. त्या बैठकीला ट्यूमर बोर्ड म्हणतात. हाड कापायचे की वाचवायचे, आधी शस्त्रक्रिया की आधी केमोथेरपी, हे तिथे ठरते. घाईने कमी कापले तर गाठीचा अंश आत राहतो. उगाच जास्त कापले तर माणसाचा जबडा जातो.

आम्ही रेल्वेची माणसे. लाइन क्लिअर मिळाल्याशिवाय गाडी का सोडत नाहीत, हे आम्हाला कोणी शिकवायला नको होते. खाली मान घालून परत आलो.

पण हेच बोलणे पहिल्या दिवशी रुग्णाशी का झाले नाही? अकराव्या दिवशी आमच्या सहकाऱ्यांनी पिशवी भरली. कोणीतरी एका वैदूचा पत्ता दिला होता, तीन महिन्यांत गाठ विरघळवतो म्हणणारा. वहिनी रडत होत्या. आम्ही समजावायला लागलो तेव्हा ते म्हणाले, "मरणाचं भय नाही. पण गाडी कशासाठी उभी आहे ते कोणी सांगत नाही. सिग्नल लाल असला तर निदान लाल दिसतो तरी." याला आमच्याकडे उत्तर नव्हते. रुग्णालयाच्या समाजसेविका बाईंना गाठले. त्यांनी एका कागदावर राहिलेल्या चार तपासण्या, प्रत्येकीची तारीख आणि बोर्डाचा दिवस लिहून आणला. खाली डॉक्टरांची सही. तो कागद त्यांनी उशीखाली ठेवला आणि पिशवी रिकामी केली. सहा ओळींच्या कागदाने एक माणूस उपचारात टिकला. तोच कागद पहिल्या दिवशी द्यायला कोणत्याही रुग्णालयाला जादा खाट लागत नाही की यंत्र लागत नाही.

मेणाचा ठोकळा आणायला कोण गेले? त्यांचे धाकटे भाऊ. ते टपाल खात्यात पोस्टमन आहेत. रात्रीच्या गाडीने गेले, प्रयोगशाळेच्या दारात दिवसभर बसले, दुसऱ्या रात्री परत आले. वर्षाच्या आठ नैमित्तिक रजा पहिल्या पंधरवड्यातच संपल्या. पुढे अर्जित रजा मोडली. कम्युटेड रजेला वैद्यकीय दाखला स्वतःच्या आजाराचा लागतो, भावाच्या कॅन्सरचा चालत नाही. अर्धपगारी रजा घेतली तर पगार निम्मा, आणि खर्च नेमका त्याच महिन्यात दुप्पट. रुग्ण सिकमध्ये असतो, त्याची नोंद होते. त्याची फाईल घेऊन चार खिडक्यांवर उभा राहणारा मात्र कागदोपत्री घरगुती कामासाठी रजेवर गेलेला असतो.

घरच्यांची देखभाल हे रजेचे कारण होऊ शकते, हे सरकारने २००८ सालीच मान्य केले आहे. मुलांच्या संगोपनासाठी महिला कर्मचाऱ्यांना संपूर्ण सेवेत ७३० दिवसांची रजा तेव्हापासून आहे, आणि पुढे ती एकट्या पालक असलेल्या पुरुषांनाही मिळाली. मग कॅन्सरच्या रुग्णासोबत राहणाऱ्या कर्मचाऱ्याला ३० दिवसांची खास रजा का नको? ग्रामीण डाक सेवकांची अवस्था तर विचारूच नका. २०२३ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी संप केला तेव्हा कुटुंबासह वैद्यकीय सुविधा ही त्यांची एक मागणी होती. रात्रंदिवस टपाल वाहायचे आणि आजारी पडल्यावर खात्याने ओळख द्यायची नाही, हा न्याय आम्हाला मान्य नाही.

रेल्वेवाल्यांची अडचण वेगळी. वाराणसीला लहरतारा येथे रेल्वेची स्वतःची कॅन्सर संस्था होती. आता तिथे टाटा स्मारक केंद्राचे होमी भाभा कॅन्सर रुग्णालय चालते. त्याबद्दल तक्रार नाही, अधिक लोकांची सोय झाली. आमची तक्रार रेफर पत्राची आहे. आमच्या सहकाऱ्यांच्या पत्राची मुदत तपासण्या चालू असतानाच संपली. मुदतवाढीसाठी आमच्यातल्या एकाला परत जावे लागले, तीन टेबले फिरावी लागली, आणि त्यात दोन दिवस गेले. हे दोन दिवस डॉक्टरांच्या खात्यावर टाकता येत नाहीत. पत्र निर्णय होईपर्यंत वैध असावे, तारखेपर्यंत नव्हे, ही मागणी शाखेने लेखी दिली आहे.

एक गोष्ट लाज वाटते तरी लिहितो. त्या १९ दिवसांत वॉर्डाबाहेर जाऊन तंबाखू मळणारे आमच्यातलेच तिघे होते. राज्यात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे, पण गँगच्या झोपडीत पुडी कोण तपासतो?

सतराव्या दिवशी डॉक्टरांनी सांगितले की हाड काढावे लागेल असे दिसते आणि जबड्यासाठी पायातले, नडगीच्या बाजूचे बारीक हाड घेतील. आमच्या सहकाऱ्यांनी जगण्याबद्दल काही विचारले नाही. विचारले, "मग लाइनवर चालता येईल का?" डॉक्टर म्हणाले, शरीराचा भार मुख्यतः नडगीच्या जाड हाडावर असतो, चालता येईल, पण रोज खडीवर मैलोनमैल चालण्याचे आज सांगता येत नाही. रात्री पुन्हा कॉरिडॉर सुरू झाला. गँग सुटली तर पगार घटेल, क्वार्टर जाईल, हे त्यांच्या डोक्यात. आम्ही त्यांना अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधले कलम २० समजावून सांगितले. नोकरीत असताना अपंगत्व आले तर नोकरीतून काढता येत नाही, दर्जा उतरवता येत नाही. त्याच पगाराच्या दुसऱ्या जागेवर घ्यायचे, जागा नसेल तर जादा पद निर्माण करायचे. त्यांनी ते दोनदा वाचून घेतले आणि त्या कागदाची घडीही उशीखाली गेली.

एकोणिसाव्या दिवशी बोर्डाचा निर्णय आला. आधी शस्त्रक्रिया, मग किरणोपचार. आज ते स्टोअरमध्ये आहेत, पगार तोच आहे, बोलणे थोडे अस्पष्ट आहे, पण आम्हाला समजते.

शाखेने आता एक वही घातली आहे. बाहेरगावी कॅन्सरच्या तपासण्यांसाठी गेलेल्या सहकाऱ्याचे नाव, त्याच्या राहिलेल्या तपासण्या, रेफर पत्राची मुदत आणि सोबतीला कोण कोणत्या दिवशी, हे त्यात लिहिले जाते. या महिन्यात वहीत दोन नावे आहेत, एक पॉइंट्समन आणि एका सॉर्टिंग असिस्टंटची पत्नी. येत्या शनिवारच्या रात्रीची सोबत अजून ठरलेली नाही. मुंबईत असणाऱ्या साथींनी शाखेच्या कार्यालयात नाव द्यावे.