दुरुस्तीनंतरचें दुखणें

गेल्या आश्विनांत गोरेगावच्या शिवारांत पावसानें ऐन वेळीं पाठ फिरविली. जड धान निसवूं लागलें होतें, बांध्यांतील पाणी ओसरलें होतें, आणि बोडीवरील आमचें पांच अश्वशक्तीचें डिझेल एंजिन नुकतेंच दुरुस्त होऊन परत आलें होतें. नव्या रिंगा, नवें गॅस्केट आणि वर हिरवा रंग. पाहणाऱ्यास तें नवेंच वाटावें. पहिल्याच दिवशीं तें अर्धा तास चाललें आणि हळूहळू मंद होत बंद पडलें. थोड्या वेळानें सुरू केलें, पुन्हां तोच प्रकार. इंधनपंप झिजला असल्याचा निर्वाळा मिस्त्रीनें दिला. पंप शहरास पाठवून परत आणण्यांत पांच दिवस गेले, पैसा गेला, आणि दोष जेथल्या तेथें राहिला. शेवटीं डिझेल किती उरलें हें पाहण्याकरितां आमच्या सालगड्यानें टाकीचें झांकण उघडलें, तों सूं असा आवाज होऊन हवा आंत शिरली आणि बंद पडूं पाहणारें एंजिन पुन्हां जोरानें चालूं लागलें. झांकणास हवेसाठीं जें बारीक छिद्र असतें तें रंगानें बुजलें होतें! टाकींत हवा शिरेना, म्हणून डिझेल खालीं उतरेना. काम सुईच्या टोंकाचें. परंतु तोंवर उंचावरील दोन बांध्यांतील लोंब्या पोचट झाल्या होत्या.

ही हकीकत आम्ही कोणाची निंदा करण्याकरितां सांगत नाहीं. मिस्त्रीची चूक लहान होती. आमची त्याहून मोठी होती, कारण आम्हीं विचारच केला नाहीं. जो दोष दुरुस्तीपूर्वीं नव्हता तो दुरुस्तीनंतर उद्भवला, तर त्याचें मूळ बहुधा जेथें हात लागला तेथेंच असतें. पंपास कोणी हात लावला नव्हता, झांकणास लावला होता. तरी आम्ही पंपाच्या मागें लागलों.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं शेतकऱ्याच्या हातीं लोखंडी नांगर दिला, आणि १९४६ सालीं त्यांच्याच घराण्यानें पुण्यास तेल-एंजिनांची कंपनी उभारली. नांगर मोडला तर कोठें मोडला हें डोळ्यांस दिसतें; एंजिनाचें दुखणें मात्र लक्षणांवरून ओळखावें लागतें. रुडॉल्फ डिझेल यांनीं १८९७ मध्यें यशस्वी करून दाखविलेल्या या यंत्रांत ठिणगी नसते. हवा जोरानें दाबली कीं ती तापते, आणि तींत योग्य क्षणीं इंधन फवारलें कीं तें आपोआप पेट घेतें. अर्थात् हवा, दाब, इंधन आणि वेळ या चारांपैकीं काय बिघडलें, एवढाच प्रश्न असतो.

इंधनाची नळी किंवा गाळणी सोडविली असेल आणि एंजिन सुरूच होत नसेल, अथवा सुरू होऊन लगेच थांबत असेल, तर नळींत हवा अडकली असें प्रथम समजावें. गाळणीवरील स्क्रू सैल करून, बुडबुडे संपेपर्यंत डिझेल वाहूं देऊन तो पुन्हां आवळावा. धूर काळा असेल तर हवा कमी किंवा इंधन जास्त: हवेची गाळणी तुंबली, भार अधिक पडला किंवा नोझल टिपकत आहे. निळा धूर म्हणजे वंगणतेल जळतें. नव्या रिंगा बसेपर्यंत तो थोडा दिसतो, पण दिवसेंदिवस वाढला तर रिंगा चुकीच्या बसल्या किंवा तेल जास्त भरलें. एंजिन तापल्यावरही पांढरा धूर निघत राहिला आणि थंडाव्याचें पाणी घटूं लागलें किंवा त्यांत बुडबुडे दिसले, तर गॅस्केट पाहावें. तेलाची पट्टी काढल्यावर तेल दुधाळ दिसलें, अथवा तेलाची पातळी चढून त्याला डिझेलचा वास आला, तर एंजिन क्षणभरही चालवूं नये.

कोणी म्हणतील, हें मिस्त्रीचें शास्त्र. शेतकऱ्यानें त्यांत हात घालूं नये. यांत अर्धें सत्य आहे. इंधनपंप आपण उघडूं नये, आणि चालू नोझलपुढें तर हात कदापि धरूं नये. त्या फवाऱ्याचा जोर कातडी भेदून आंत जाण्याइतका असतो. परंतु पाहणें, ऐकणें, वास घेणें आणि लिहून ठेवणें यांस कोणाची मनाई आहे? बैल आजारी पडला असतां त्यानें केव्हांपासून वैरण सोडली हें धनीच सांगतो, आणि त्यावरूनच पुढें पशुवैद्य निदान करतो.

म्हणून आमचें सांगणें असें. एंजिन दुरुस्तीस देतांना दोष कागदावर लिहून द्यावा. परत घेतांना काय उघडलें, काय बदललें याची चिठ्ठी आणि काढलेले जुने भाग मागून घ्यावे. रिकामें एंजिन गोड चालतें, त्यावर भुलूं नये. पंप जोडून, पाणी उपसवून, निदान तासभर आपल्यादेखत चालवावें. नव्या रिंगा घातल्या असतील तर आरंभींचे तास पूर्ण भार टाकूं नये आणि पुस्तिकेंत सांगितल्याप्रमाणें पहिलें तेल लवकर बदलावें. मुख्य म्हणजे दुरुस्ती रोवणीपूर्वीं, वैशाखांत उरकावी. चांगला मिस्त्री या मागण्यांनीं रागावणार नाहीं. त्याचेंही काम त्यानें सोपेंच होईल.

आज पुष्कळ विहिरींवर विजेचे पंप बसले आहेत हें खरें. परंतु जेथें तारा पोहोंचल्या नाहींत त्या बोडीवर एंजिनच लागतें, आणि ट्रॅक्टरच्या व रोवणीयंत्राच्या पोटांतही बहुधा हेंच डिझेलचें यंत्र असतें. आपल्या संघानें गांवोगांवच्या एकेका होतकरू तरुणास हें निदान शिकविण्याची सोय केली, तर तो खर्च एका हंगामांतच भरून निघेल. आमच्या दोन बांध्या गेल्या. वाचकांनीं आपल्या वांचवाव्या, एवढ्यासाठींच हा लेख.