एका किल्लीची दोन कुलुपे

इचलकरंजीतील एका कापड पेढीत काही काळापूर्वी घडलेली ही हकीकत. पेढीच्या मालकांनी आपली ओळख गुप्त ठेवण्याच्या अटीवर ती या सदरात लिहिण्यास अनुमती दिली. असा प्रसंग दुसऱ्या कोणाच्या घरी येऊ नये, एवढीच त्यामागे त्यांची इच्छा आहे.

या पेढीचे अहमदाबादच्या एका ग्राहकाशी दोन पिढ्यांचे व्यवहार. एके दिवशी सकाळी त्या ग्राहकाच्या पेढीतून वयोवृद्ध मेहताजींचा दूरध्वनी आला. कुशल विचारून झाल्यावर ते म्हणाले, "शेठ, आपण बँक कधी बदललीत? काल आपला मेल आला, की यापुढे पैसे नव्या खात्यावर पाठवा. नऊ लाखांचे बिल आहे, म्हटले एकदा कानाने ऐकून घ्यावे."

शेठजींनी असा कोणताही मेल पाठवलेला नव्हता. बँकही बदललेली नव्हती. मात्र तो मेल पेढीच्या खऱ्या पत्त्यावरूनच गेला होता. त्याला पेढीचेच बिल जोडलेले होते आणि त्यात फक्त खाते क्रमांक बदललेला होता. जाणकाराला बोलावून मेलची सेटिंग तपासली, तेव्हा तेथे कोणीतरी एक नियम घालून ठेवलेला आढळला. 'बिल', 'बँक', 'पेमेंट' असे शब्द असलेला प्रत्येक मेल आधी एका परक्या पत्त्यावर जाई आणि इनबॉक्समधून नाहीसा होई. पेढीचा पत्रव्यवहार कित्येक दिवस तिसराच माणूस वाचत होता.

चोर आत शिरला कोठून, हे दोन दिवस कोणालाच कळेना. तिसऱ्या दिवशी घरातील तेरा वर्षांच्या नातवाने आजीजवळ तोंड उघडले. त्याच्या मोबाइलवरील खेळात एका अनोळखी 'मित्रा'ने त्याला फुकट डायमंड मिळवून देणारा दुवा पाठवला होता. दुवा उघडताच मेलचे नेहमीचेच वाटणारे पान आले आणि त्याने पत्ता व पासवर्ड भरला. तीन वर्षांपूर्वी वडिलांनी त्याचे खेळाचे खाते पेढीच्याच मेलवर उघडून दिले होते. आजोबांना मेल उघडून देण्याचे काम त्याच्याकडे असल्याने पासवर्ड त्याला पाठ होता. दुसऱ्याच दिवशी खेळाचे खाते गेले. मोबाइल काढून घेतील, या भीतीने तो गप्प राहिला.

एवढ्याशा पोराच्या खेळात चोरण्यासारखे काय असते, असा प्रश्न वडीलधाऱ्यांना पडतो. उत्तर सरळ आहे: खेळातील पोशाख, शस्त्रे आणि नाणी यांना बाजार आहे. संगणकावरील खेळांची मोठी बाजारपेठ असलेल्या 'स्टीम'च्या चालकांनी, व्हॉल्व्ह या कंपनीने, डिसेंबर २०१५ मध्ये स्वतःच सांगितले होते, की दरमहा सुमारे ७७ हजार खाती बळकावून लुटली जातात. मुलाने वर्षभर खेळून आणि वाढदिवसाच्या पैशांतून जमवलेला हा माल काही मिनिटांत दुसऱ्याच्या खात्यावर जातो.

परंतु व्यापारी घराला याहून मोठा धोका त्या खात्यामागच्या मेलचा असतो. 'पासवर्ड विसरलात का?' या शब्दांवर बोट ठेवले, की नवा पासवर्ड घेण्याचा दुवा मेलवरच येतो. खेळ, खरेदीची संकेतस्थळे, कागदपत्रांचा साठा अशा अनेक कुलुपांच्या किल्ल्या त्या एका पेटीत असतात. ती पेटी ज्याच्या हाती गेली, त्याला बाकीची कुलुपे फोडावी लागत नाहीत.

त्यात आपण बहुतेकजण सगळीकडे एकच पासवर्ड वापरतो. २००९ च्या डिसेंबरमध्ये 'रॉकयू' या अमेरिकी कंपनीचे भांडार फुटले. ही कंपनी सोशल नेटवर्कवरील खेळ आणि करमणुकीची साधने तयार करत असे. तिने ग्राहकांचे पासवर्ड कोणतेही आवरण न घालता जसेच्या तसे साठवले होते. ३ कोटी २० लाखांहून अधिक पासवर्ड चोरांच्या हाती पडले. त्यांत सर्वाधिक आढळला तो '१२३४५६'. सुमारे २ लाख ९० हजार लोकांनी तोच ठेवला होता. पुढे एप्रिल २०११ मध्ये सोनीच्या प्लेस्टेशन नेटवर्कवर घाला पडला. सुमारे ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती धोक्यात आली आणि ती सेवा तीन आठवड्यांहून अधिक काळ बंद राहिली.

अशा चोरीतून मिळालेल्या याद्या विकल्या जातात. मग यंत्राच्या साहाय्याने तेच पत्ते आणि तेच पासवर्ड शेकडो ठिकाणी लावून पाहिले जातात. एखाद्या खेळाचे भांडार फुटले आणि त्यातला पासवर्ड आपल्या मेललाही लागत असला, तर आपली काही चूक नसतानाही मेल उघडतो. म्हणून पहिला नियम असा, की मेलचा पासवर्ड जगात दुसरीकडे कोठेही वापरू नये. तो लांब असावा. परस्परांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडून केलेला पासवर्ड ध्यानात राहतो आणि ओळखण्यास कठीण जातो. पेढीचे नाव, जन्मतारीख, गाडीचा क्रमांक त्यात नसावा.

दुसरा नियम आपल्या पूर्वजांना ठाऊक होता. हुंडीच्या व्यवहारात 'शाहजोग' हुंडी असे. ती बाजारात पत असलेल्या शाहालाच देय असे. पैसे देणाऱ्याने हातातला कागद पाहावा आणि तो आणणारा माणूसही पारखावा, असा तिचा अर्थ. केवळ पासवर्डवर उघडणारे खाते म्हणजे जो कागद आणील त्याला पैसे मोजण्यासारखे आहे. टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे दोन पायऱ्यांची पडताळणी, हा शाहजोग हुंडीचाच न्याय होय. पासवर्ड बरोबर असला, तरी आपल्या हातातील मोबाइलने दुजोरा दिल्याशिवाय दार उघडत नाही. जीमेलमध्ये ही सोय खात्याच्या 'सुरक्षा' विभागात मिळते. बहुतेक मोठ्या खेळांच्या खात्यांनाही ती आहे.

या दुसऱ्या पायरीतही तारतम्य हवे. एसएमएसने येणारा ओटीपी काहीही नसण्यापेक्षा चांगला. पण भामटे आपल्या नावाचे सिमकार्ड दुसरे काढून तो मिळवू शकतात. त्याहून ऑथेंटिकेटर ॲपमधील अंक बरे. मात्र बनावट पानावर आपण हे अंकही स्वतःच्या हाताने भरून देऊ शकतो, हे विसरू नये. 'पासकी' ही नवी पद्धत याबाबतीत अधिक भरवशाची आहे. ती आपल्या मोबाइलच्या बोटाच्या ठशावर किंवा पिनवर चालते आणि खऱ्या संकेतस्थळाशिवाय इतरत्र लागतच नाही. मोबाइल हरवल्यास उपयोगी पडणारे बॅकअप कोड मिळतात. ते कागदावर उतरवून तिजोरीत ठेवावेत.

तिसरा नियम विभागणीचा. मुलांच्या खेळाचा मेल निराळा, घरखर्चाचा निराळा आणि पेढीचा निराळा असावा. दुकानाच्या गल्ल्यात आपण मुलांची खेळणी ठेवत नाही. लहान मुलाचे खाते पालकांच्या देखरेखीखाली स्वतंत्रपणे उघडता येते. त्यासाठी पेढीचा पत्ता देण्याचे कारण नाही.

आणि चोर शिरल्याचा संशय आला तर? आपल्या मोबाइलवर किंवा संगणकावर शंकास्पद ॲप नाही, याची आधी खात्री करावी. मग मेलचा पासवर्ड बदलावा. पुष्कळ लोक येथेच थांबतात आणि फसतात. इचलकरंजीच्या पेढीत घातलेला तो नियम नुसता पासवर्ड बदलून गेला नसता. म्हणून पुढील गोष्टी क्रमाने पाहाव्यात: इतर सर्व उपकरणांवरून खाते बाहेर काढणे; पुनर्प्राप्तीसाठी दिलेला मोबाइल क्रमांक आणि पर्यायी मेल आपलाच आहे ना, हे तपासणे; 'फॉरवर्डिंग' आणि 'फिल्टर' या दोन ठिकाणी परका पत्ता किंवा अनोळखी नियम असल्यास काढून टाकणे; खात्याशी जोडलेली अनोळखी ॲप तोडणे. त्यानंतर खेळाच्या कंपनीच्या अधिकृत मदत विभागाकडे तक्रार करावी. जुन्या खरेदीच्या पावत्या तेथे मालकीचा पुरावा म्हणून उपयोगी पडतात. पैसे घेऊन खाते परत मिळवून देतो म्हणणारा माणूस बहुधा दुसरा भामटाच असतो.

पैसे गेले असतील, तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर विनाविलंब कळवावे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. रक्कम पुढे सरकण्यापूर्वी अडवणे शक्य असते, म्हणून येथे एकेका तासाला मोल आहे. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणे आणि संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणे, हे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६६ क आणि ६६ ड खाली गुन्हे आहेत. दोन्हींना तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा लाजेने प्रकरण दडपू नये.

लाज आणि भीती यांचा विचार घरातही व्हायला हवा. त्या मुलाने पहिल्याच दिवशी सांगितले असते, तर अर्ध्या तासात सारे दार बंद झाले असते. तो बोलला नाही, कारण बोलल्यास काय होईल हे त्याला ठाऊक होते. खेळाचे खाते गेले म्हणून रडणाऱ्या मुलाला आपण 'बरे झाले, आता अभ्यास कर' असे म्हणतो. त्या क्षणी पुढची बातमी आपल्यापर्यंत येण्याची वाट आपणच बंद करतो. चूक कबूल करणाऱ्या मुनीमाला शहाणा शेठ कामावरून काढत नाही, कारण उद्याचा हिशेबही त्याच्याच हातून खरा यायचा असतो. मुलांच्या बाबतीत आपण एवढा व्यवहार पाळावा.

मेहताजींच्या दूरध्वनीमुळे नऊ लाख रुपये वाचले. त्यापेक्षा मोठी गोष्ट वाचली ती दोन पेढ्यांमधील विश्वासाची. पैसे भलत्या खात्यावर गेले असते, तर ते कोणी सोसायचे, या वादात दोन पिढ्यांचा स्नेह आटला असता. आता दोन्ही पेढ्यांनी नियम केला आहे: खाते बदलल्याचा मेल आला, तर मेलमध्ये दिलेल्या क्रमांकावर विसंबायचे नाही; वहीत लिहिलेल्या जुन्या क्रमांकावर बोलून घ्यायचे आणि मगच पैसे पाठवायचे.

नातवाचा मोबाइल काढून घेतला गेला नाही. त्याच्या खेळासाठी निराळा मेल उघडला आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तो आजोबांशेजारी गादीवर बसतो आणि पेढीच्या मेलमधील फॉरवर्डिंग, फिल्टर आणि जोडलेली उपकरणे एकेक करून वाचून दाखवतो. आजोबा वहीत तारीख घालून त्याखाली त्याची सही घेतात.